खंडेनवमीला गप्प झालेला पूल

बदलापूरच्या पलीकडे नदीवर एक जुना पूल आहे. त्याच्या एका खांबाला भेग गेली आहे आणि त्या भेगेवर आमच्या कंपनीने सेन्सर बसवला आहे. भेग केसभर सरकली तरी आकडा अंबरनाथला माझ्या मोबाइलवर दिसतो. बायको म्हणते, माझ्यापेक्षा त्या भेगेची जास्त चौकशी करतोस. खरंच आहे ते.

खंडेनवमीच्या सकाळी ती लेकीला स्कूटरवर बसवून माहेरी निघाली. रस्ता त्याच पुलावरून. थोड्या वेळाने मोबाइलवरचा आकडाच गायब झाला. नेटवर्क नसेल, म्हणून वाट पाहिली. मग तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पूल कोसळला तर सेन्सरही असाच गप्प होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाइक कशी दामटली, आठवत नाही. मोरिवलीपाशी कारखान्यांच्या गेटांवर झेंडूची तोरणं लागली होती. मला त्यांचाही राग आला.

पूल उभा होता. वरून ट्रक चालले होते. खाली सेन्सरच्या पेटीला हळदकुंकू, हार, समोर फोडलेला नारळ. शेजारी आमचे वॉचमनकाका, कारखान्यातून रिटायर झालेले, हात जोडून उभे.

"काका, पेटी बंद का?"

"खंडेनवमी ना आज, साहेब. पूजा केली, स्विच बंद केला. मशीनला आज आराम. उद्या दसऱ्याला चालू करू."

"अहो, पण पूल कुठे आराम करतोय?" मी ओरडलोच. त्यांनी घाबरून माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

स्विच चालू केला. आकडा मर्यादेत होता, पण कालच्यापेक्षा वाढलेला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. स्कूटर चालवताना रिंग ऐकू आली नव्हती म्हणे. दोघी सुखरूप पोचल्या होत्या. मी तिथेच दगडावर बसलो.

"संध्याकाळी याच रस्त्याने येऊ ना?"

"नको. लांबून या, हायवेने."

तिने विचारलं, "मग बाकीच्यांचं काय रे?"

वरून भरलेली रिक्षा गेली. मी ऑफिसला फोन लावला आणि तपासणी होईपर्यंत पूल बंद करायला सांगा म्हणालो.

"आकडा मर्यादेत आहे ना?" ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं.

"आहे. पण माझ्या लेकीला मी त्यावरून येऊ देत नाहीये."