खोळीत शिरलेलं कुंकू

“बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी. सकाळी पूजा झाली. अश्विनने लॅपटॉप, भिंग आणि स्कूटरची किल्ली मांडली. मी कार्डही ठेवले. ऊन फार.”

डायरीत एवढं लिहून गोपिकाबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि पूजेतलं कार्ड पुसायला घेतलं.

आगपेटीपेक्षा जरासं मोठं ते कार्ड म्हणजे एका जुन्या क्रिकेटपटूचं रंगीत चित्र. सासऱ्यांनी साहेबलोकांच्या सिगारेटच्या पाकिटातून मिळवलेलं आणि यजमानांनी, रुपरावांनी, जन्मभर डब्यात जपलेलं. मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी गेल्यापासून मुलगा अश्विन अशीच जुनी कार्डं ऑनलाइन लिलावात विकून घर चालवत होता. हे कार्ड त्याने परदेशी तपासणी कंपनीकडे पाठवलं होतं. तिथे कोपरे, कडा, डाग बघून त्याला दहापैकी आठ गुण मिळाले आणि पारदर्शक प्लास्टिकच्या खोळीत बंद होऊन ते नंदनवन वस्तीतल्या घरी परत आलं. लिलाव आज संध्याकाळी संपायचा होता.

ज्या वस्तूवर पोट चालतं तिला आज हळदकुंकू वाहायचं, ही घराची रीत. गोपिकाबाईंनी खोळीच्या कडेला ओलं कुंकू लावलं होतं, मनोभावे, चांगलं ठसठशीत. फडक्याने ठसा निघाला, पण सांध्यात केसाएवढी लाल रेघ राहिली. त्यांनी नखाने खरवडली, कापसाची वात फिरवली. रेघ हलेना. खोळ उजेडाकडे धरली. रेघ आत होती.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने दुमडलेल्या कोपऱ्याची तक्रार केली होती. तेव्हाच लिलावाच्या साइटने अश्विनला बजावलं होतं की, फोटोत एक आणि हातात दुसरं असं पुन्हा झालं तर खातं कायमचं बंद. आणि आजच्या फोटोत ही खोळ काचेसारखी स्वच्छ होती.

“काहून बसल्या जी अशा?” भांडी घासायला आलेल्या कौशल्येने विचारलं. “कुंकवाले हात लावला का विंचवाले?”

“काही नाही. तू आपलं काम कर.”

“मले का. पण तोंड पांढरंफटक पडून राहिलं तुमचं.”

गोपिकाबाईंनी कार्ड कपाटात ठेवलं. दार लावलं, पुन्हा उघडलं. रेघ मघापेक्षा लांब झाली, की त्यांनाच तसं भासलं?

दुपारी अश्विन लकडगंजच्या बाजारातून पुठ्ठ्याचे खोके घेऊन आला आणि लॅपटॉप उघडून बसला.

“आई, ये न वं इकडे. बाबांचा कार्डावरला माणूस आज मस्त खेळून राहिला.”

आकडा वर चढत होता. अश्विन हसत होता आणि दर बोलीला गोपिकाबाईंची नजर कपाटाकडे जात होती. एवढ्या आशेने घेणारा माणूस खोळ हातात घेईल, उजेडाकडे धरेल. मग काय?

“अश्विन,” त्या म्हणाल्या. “विकू नको. आत कुंकू गेलंय. माझ्या हातून.”

त्याने कार्ड आणलं, भिंगाखाली धरलं. खोळ सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली.

“कार्डाले लागलं नाही अजून,” तो शेवटी म्हणाला. “पण लागन.”

“आधी सांगायला हवं होतं मी.”

“पार्सल गेल्यावर सांगितलं असतं तं मेलो असतो.” त्याने नवा फोटो काढला, झालं ते तसंच लिहिलं आणि कार्ड लिलावातून मागे घेतलं. थोड्याच वेळात साइटचा निरोप आला: चालू लिलाव मोडल्यामुळे खातं थांबवलं आहे, निर्णय कळवू.

“म्हणजे बंद?”

“मालूम नाही, आई.”

तो लॅपटॉप उघडाच ठेवून समोर बसून राहिला. गोपिकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. उद्याच्या दसऱ्याचं काम उरकलं. मग डायरी उघडून, कार्डाचं सगळं सोडून, त्यांनी सकाळच्या ओळींखाली एवढंच लिहिलं:

“श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले. खाली पातेले ठेवले आहे.”