गजकर्णाचं मलम आणि करवली

उंद्रीच्या बसथांब्यासमोर शालूबाईचं पार्लर आहे. बाहेर पाटी नाही, दाराला पडदा मात्र आहे, आणि तो लाल मखमलीचा. आमच्या नाटक मंडळीचा पडदा विरून गेला तेव्हा त्यातला धड तुकडा तिने मागून घेतला. त्या पडद्यापुढे मी अठरा वर्षं राजपार्ट केला आणि शालूबाईने त्यामागे अठरा वर्षं आमची तोंडं रंगवली. जत्रेच्या मैदानात आम्ही राजे दिसायचो ते तिच्या बोटांमुळे. टाळ्या आम्ही घेतल्या. त्यातल्या काही आता तिच्या तिला द्याव्यात म्हणून हे लिहितो आहे.

तिचा स्वतःचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नव्हता. सकाळच्या चहाला बसली तरी गालावर पावडरचा जाड थर. पंधराव्या वर्षी तिला मुरूम आले, ते तिने नखांनी फोडले आणि वर रंगपटातला सफेदा थापला. गालांना कायमचे खड्डे पडले. हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे.

पार्लरमध्ये तिचा एक नियम आहे. मुरूम घेऊन आलेल्या मुलीने घरून सगळी औषधं पिशवीत भरून आणायची आणि टेबलावर मांडायची. टूथपेस्ट, लिंबू, भावाचं दाढीनंतरचं लोशन, चुलतबहिणीने दिलेली गोरं करणारी क्रीम. शालूबाई भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचते आणि बहुतेक ऐवज कचऱ्याच्या डब्यात जातो. वर काही थापून लपवू देत नाही, फेशियलसुद्धा ती करत नाही. तापल्या तव्यावर हात फिरवून तवा थंड होत नाही, असं तिचं म्हणणं. मग ती बुलढाण्याच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून देते. आलेलं गिऱ्हाईक असं हाताने घालवते म्हणून मी तिला पुष्कळदा वेड्यात काढलं आहे.

प्रेरणा अशीच पिशवी घेऊन आली. अकरावीतली मुलगी, चिखलीच्या कॉलेजात जाते. पिशवीच्या तळाशी एक चेपलेली ट्यूब होती. शालूबाईने ती वाचली आणि भिंग खाली ठेवलं. ते गजकर्णाचं मलम होतं. वडिलांच्या कमरेवरच्या चट्ट्यांसाठी आणलेलं. घरच्या पुष्पाआत्याने ते पोरीच्या मुरमांना लावून पाहिलं, आणि चार दिवसांत चेहरा घासलेल्या तांब्यासारखा लख्ख झाला. घर खूश. लावायचं थांबवलं की मुरूम दुपटीने उठत, गाल लालभडक होऊन जळत. मग पुन्हा मलम. सहा महिने हा खेळ चालला होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या मलमात स्टेरॉइड मिसळलेलं आहे. ते मुरूम नुसते दाबतं आणि चामडी पातळ करतं, ते आजच बंद. रात्री वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला लावायचं, नुसतं मुरमांवर नाही. नखं लावायची नाहीत. तीन महिने धीर धरायचा, आणि सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल तेव्हा घाबरायचं नाही. त्यातल्याच पाचव्या आठवड्यात प्रेरणाच्या थोरल्या भावाचं, हर्षलचं लग्न होतं. प्रेरणा करवली. हातात करा, म्हणजे पाण्याचं छोटं भांडं, आणि त्यावर जळता दिवा घेऊन नवरदेवाच्या मागे उभं राहायचा मान तिचा. लहानपणापासून ती ताटलीत पणती ठेवून त्याची तालीम करत आली होती.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा पुष्पाबाई भाचीला घेऊन पार्लरमध्ये आल्या. मी बाकावर चहा पीत होतो. त्यांच्या मुठीत नवी कोरी ट्यूब होती.

"चारच दिवस लावू दे हिले," त्या शालूबाईला म्हणाल्या. "लगन झालं की मंग डाक्टरचं काय लावाचं ते लाव म्हणा."

शालूबाईने नकारार्थी मान हलवली.

"मंग तू तरी वरून काही थाप. नाही तर करा राखीच्या हाती देतो आम्ही. व्हिडिओत सारे पाव्हणे पाह्यतीन हे तोंड."

राखी म्हणजे प्रेरणाची चुलतबहीण, नितळ गालांची. प्रेरणा इतका वेळ आरशात बघत होती. हनुवटीवर, कपाळावर, दोन्ही गालांवर लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. ती वळली.

"मलम लावणार नाही. अन् करा मीच धरीन," ती आत्याला म्हणाली. मग शालूबाईकडे बघून म्हणाली, "काकू, मले सांगता लपवू नको. तुमी काऊन लपवता मंग?"

शालूबाईचा हात आपोआप गालावर गेला. "माह्यं वय पाह्य बाई. माह्ये खड्डे आता बुजत नाहीत."

"बुजवा नाही म्हटलं मी. लग्नाले या म्हटलं. तशाच."

पुष्पाबाई फिस्सकन हसल्या. शालूबाईने भिंग पदराने पुसायला घेतलं, आणि माझा चहा तसाच गार झाला.

लग्नाच्या दिवशी पुष्पाबाईंनी राखीला नटवून तयार ठेवलं होतं. पण कुणी नाव घेण्याआधीच प्रेरणा आतून आली, देवापुढचा करा उचलला आणि भावाच्या मागे जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावर पावडरचा कणही नव्हता. आम्हा नाटकवाल्यांना ठाऊक असतं, खालून येणारा उजेड काही म्हणता काही माफ करत नाही. दिव्याच्या ज्योतीने तिची एकेक पुटकुळी उजळून दाखवली. फोटोग्राफर म्हणाला, नंतर कॉम्प्युटरवर साफ करून देतो. तिने साफ नकार दिला. हर्षलने बाशिंग सावरत मागे पाहिलं.

"सरळ धर वं," तो म्हणाला. "तेल सांडीन माह्या कोटावर."

पुष्पाबाई राखीचा हात सोडून खुर्चीत बसल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या शेजारी कुणी बाई येऊन उभी राहिली. मी न बघताच पाय आवरले.

"राजे, सरका थोडं."

आवाज ओळखीचा. वळून पाहिलं तर चेहरा अनोळखी. टाकी लावलेल्या पाट्यासारखे गाल, धुतलेले, कोरडे, उघडे.

"पाहून घ्या एकदाचं," शालूबाई म्हणाली. "तिकीट नाही."

समोर दिव्यामागून प्रेरणाची नजर आमच्या रांगेवरून फिरत आली आणि तिच्यावर थांबली. पोरीने करा जरा आणखी वर धरला.

अजून दोन मंगलाष्टकं बाकी होती, तरी मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. भटजी अडखळले, लोक माना वळवून बघू लागले.

बघू देत.