डिंक उघडा असताना फक्त मराठी

श्री. गोविंदराव पिसे यांची आणि माझी ओळख एका आपटलेल्या गिटारमुळे झाली. बंगळुरात मारतहळ्ळीहून येताना माझी गिटार बसच्या दारावर अशी काही आदळली की तिच्या कडेची पांढरी पट्टी कमरेपाशी वीतभर सुटून लोंबू लागली. कुणीतरी बसवनगुडीतल्या एका गल्लीचा पत्ता दिला. घराच्या तळमजल्यावर, पूर्वी स्कूटर ठेवत असतील अशा खोलीत, चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ लाकडाची फळी कानाशी धरून टिचक्या मारत होते. मी हिंदीत विचारलं, त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं. पुन्हा मी हिंदीत, पुन्हा ते कन्नडमध्ये. तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला आणि मी बिनधास्त म्हणाले, "अगं, एक म्हातारबाबा भेटलेत, पण धड काही कळू देत नाहीत."

"म्हातारबाबा सगळं कळू देतील," ते शांतपणे म्हणाले, "आधी तो फोन ठेवा. तुमच्या गिटारीचा गोट सुटलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात गोट म्हणजे काय तेही कळेना. आमदार या गोटातून त्या गोटात जातात, तेवढाच गोट मला वर्तमानपत्रातून ठाऊक होता. मग अण्णांनी (दुसऱ्या भेटीपासून मीही त्यांना सगळ्यांसारखं अण्णाच म्हणू लागले) समजावून सांगितलं. त्यांचे आजोबा आणि वडील चिकपेटेत शिंपीकाम करायचे. पोलक्याच्या गळ्याला, बाहीला कडेनं जी अरुंद पट्टी शिवतात, तो गोट. "तुम्ही बाइंडिंग बाइंडिंग म्हणता ना, तो आमचा गोटच. कापडाच्या जागी लाकूड आलं, एवढंच."

अण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मंडळींनी मला त्यांच्या कामाविषयी आणि मूल्यांविषयी लिहायला सांगितलं आहे. लिहिते. पण हे लिहिताना मी इतकी खुशीत का आहे तेही सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी अण्णांनी काम बंद केलं होतं, कायमचं. ते पुन्हा त्या खोलीत कसे आले, ही हकिकत सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि तिच्यात माझा एक गुन्हाही आहे.

आधी काम. गिटारचा पेटारा जोडून झाला की वरची फळी आणि बाजूच्या पट्ट्या जिथे मिळतात तिथे लाकडाची उघडी कड राहते. ती ओल पिते, आणि धक्का बसला की आधी तीच फुटते. त्या कडेला चारी बाजूंनी बारीक खाच पाडायची आणि तिच्यात गोट बसवायचा. सरळ भागात कुणीही बसवेल. खरी परीक्षा कमरेपाशी, जिथे गिटार आत वळते. तिथे अण्णा पट्टीला गरम नळीवर हळूहळू वळण देतात. घाई केली तर ती मोडते, आणि फार वेळ धरली तर करपते. मग डिंक लावून सगळा पेटारा नाडीनं करकचून गुंडाळायचा. नाडी म्हणजे परकराचीच. ती चिकपेटेतल्या एका ठरलेल्या दुकानातून गुंडाळीच्या गुंडाळी येते. एकदा मी अण्णांबरोबर गेले होते, तेव्हा दुकानदारांनी न राहवून विचारलंच, "अण्णा, तुमच्या घरात एवढे परकर नेसतं कोण?" अण्णा म्हणाले, "गिटारी."

ती दुरुस्त झालेली गिटार न्यायला गेले आणि दर शनिवारी जाऊ लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हा माझा पोटाचा धंदा. अण्णांकडे स्वतःच्या चुका करायला मिळाल्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या चुकीवर त्या खोलीतला नियम बेतलेला आहे, म्हणून ती सांगते.

वर्षभराने मी स्वतः घडवत असलेली माझी पहिली गिटार गोटापर्यंत आली. गोट पांढऱ्या सेल्युलॉइडचा होता. त्याला लावायचा डिंक झणझणीत वासाचा असतो आणि जास्त झाला तर तो पट्टीलाच विरघळवतो. अण्णांनी दोन्ही हातांनी पट्टी कमरेशी दाबून धरली होती, मी ब्रशने डिंक सोडत होते. अण्णा म्हणाले, "साकु." मी आणखी सोडला. अण्णा मोठ्यांदा म्हणाले, "साकु, साकु!" मी ब्रश बाटलीत बुचकळून भरभरून सोडला. आता कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे, आणि हाकु म्हणजे घाल. ऑफिसच्या कँटीनमध्ये सांबारासाठी रोज ऐकून हाकु तेवढं मला पाठ होतं. अण्णांच्या घरच्या मराठीत निम्मे शब्द कन्नड असतात. त्यांनी साकु म्हटलं, मी हाकु ऐकलं. बघता बघता माझ्या शुभ्र गोटावर दुधाच्या सायीसारखी सुरकुती आली आणि तो फळीवर ओघळला.

मी रडायला लागले. अण्णांना आधी काही उमजेना. मी हुंदके देत म्हटलं, "तुम्हीच तर घाल घाल म्हणत होता!" तेव्हा त्यांना प्रकार कळला आणि ते इतके हसले की स्टूल ओढून खाली बसावं लागलं. त्यांनी आतून सरोजाअक्कांना, म्हणजे आपल्या पत्नींना, हाक मारून सगळं पुन्हा सांगितलं. अक्का म्हणाल्या, "अय्यो, पोरगी रडते आणि तुम्ही हसता काय!" आणि मग त्याही हसल्या. दुसऱ्या शनिवारी अण्णांनी तेवढा चार बोटांचा भाग कापून काढला आणि तिथे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तुकडा असा बसवला की लोक आजही ती नक्षी मुद्दाम केली आहे का विचारतात. "शिंप्याच्या घरी ठिगळाची लाज नसते," अण्णा म्हणाले, "वाईट ठिगळाची असते." त्याच दिवशी अण्णांनी भिंतीवर खडूने पाटी लिहिली: डिंक उघडा असताना फक्त मराठी. माझ्यासारखाच शनिवारी शिकायला येणारा आमचा मंजुनाथ पक्का कन्नडिग आहे, तरी तोही डिंकाची बाटली उघडली की "पुरे" म्हणतो. पहिल्या दिवशी मात्र त्यानं "कुठल्या हॉटेलातून मागवू?" असं विचारलं होतं. त्याला पुरी वाटली होती.

अण्णांच्या सचोटीची एक गोष्ट सर्वांना ठाऊक व्हावी. एक गृहस्थ महागडी गिटार घेऊन आले. तिच्या बाजूचा सांधा उकलला होता. त्यांना ती विकायची होती, म्हणून वरून रुंद, झगझगीत गोट लावून सांधा झाकून द्या म्हणाले. अण्णांनी चहा दिला, गिटार पुसून दिली आणि म्हणाले, "सांधा जोडून देतो, मग हवा तसा गोट लावू. झाकायला मी गोट लावत नाही." गृहस्थ रागावून गेले. महिन्याभराने परत आले आणि सांधा जोडून घेऊन गेले. ती गिटार त्यांनी अजून विकलेली नाही.

आणि त्यांची माया! मला डेंग्यू झाला तेव्हा अण्णा आणि अक्का दोन बस बदलून मारतहळ्ळीला आले. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून अण्णांनी आधी इमारतीला, मग बिल्डरला आणि शेवटी मला नावं ठेवली. अक्कांनी सारभात भरवला. तेवढ्यात अण्णा कोपऱ्यात माझ्या गिटारच्या तारा बदलत बसले होते. "माणसाला ताप आहे, गिटारीला कशाला शिक्षा?" म्हणाले. त्या दिवशी मला या शहरात घर आहे असं पहिल्यांदा वाटलं, आणि मी ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगते.

दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका गिऱ्हाइकाच्या गिटारवर कानस घसरून ओरखडा पडला. तो त्यांनी निघतो तेवढा काढून दिला, क्षमा मागितली, आणि हत्यारांवर जुनी चादर घातली. शनिवारी आम्ही गेलो तर ते दारातच म्हणाले, "साकु." या वेळी मला शब्द बरोबर ऐकू आला.

आम्ही समजावलं, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, मंजुनाथने तर भांडणही केलं. उपयोग झाला नाही. दोन महिन्यांनी अक्कांचा फोन आला. "दिवसभर बातम्या बघतात, आणि मधे उठून मला भाजी कशी चिरायची ते शिकवतात. जेवण कमी झालंय गं. तू कायतरी कर."

मी काय केलं? घरी बसून, पातळ सुरी घेऊन, माझ्या त्या पहिल्या गिटारचा गोट ठिगळाच्या बाजूनेच वीतभर सोडवला. मग ती घेऊन बसवनगुडीला गेले आणि तोंड वाकडं करून म्हटलं, "अण्णा, गोट आपोआप सुटला."

अण्णांनी सुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "नाडी आण." खोली उघडली. त्यांनी ब्रश हातात घेतला, डिंकाचा थेंब त्यांच्याच अंगठ्यावर पडला आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. मी केलं ते वाईटच झालं. तोच ते म्हणाले, "तू लाव. मी सांगतो." मी लावू लागले, ते मागे स्टुलावर बसले. "हाकु… हाकु… स्वल्प आणखी… साकु!" मी जागच्या जागी थांबले. पाटीवरचा नियम लिहिणाऱ्यानेच मोडला होता, आणि एक थेंबही जास्त गेला नव्हता. अण्णांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते पूर्वीसारखे हसले.

दुसऱ्या शनिवारी चादर घडी करून ठेवलेली होती. आता आठवड्यातून तीन सकाळी खोली उघडते. हात आमचे, बोलणी अण्णांची. शेवटी कडेवरून अंगठा फिरवून पास-नापास तेच करतात, आणि त्या अंगठ्याला केसाएवढी उंची चुकत नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी सर्वांसमोर माझी चोरी पकडली. "आपोआप सुटलेला गोट असा सरळ सुटत नाही. तो डाव्या हातानं, सुरीनं सोडवलेला होता. बंगळुरात एवढी डावखुरी आणि एवढी वाईट सुरी चालवणारी मला एकच माहीत आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोललो असतो तर तू गिटार घेऊन परत गेली असतीस," अण्णा म्हणाले.

अक्कांनी आतून पुस्ती जोडली, "आणि मी अजून भाजी चिरायला शिकत बसले असते!"

या ग्रंथाची कल्पना सांगितली तेव्हा अण्णांनी हात हलवून "साकु, साकु" केलंच. अण्णा, आम्ही ऐकलं नाही. तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, अक्कांसह लाभो. आणि आयुष्य पानात वाढणाऱ्याला तुम्ही कधी भिडेखातर "साकु" म्हणालातच, तर तिथे वाढायला माझ्यासारखी एखादी पुण्याची असो. तिला "हाकु" ऐकू येवो.