गोठ्याच्या दारावरची वेळ

“ताई, आत्या गेल्या… आन् त्यांची चंद्री व्यालीय.” खुटबावहून शेजारच्या कमलचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. शेळीला दोन करडं झाली, तिला पाला टाकून आत्या ओट्यावर टेकली, ती उठलीच नाही. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत मी रडत गाडी चालवली. पुढं मात्र एकच विचार येत राहिला, चंद्रीचा जार, म्हणजे करडांमागची वार, पडला असेल का? आज सहा आठवड्यांनी लिहिताना त्या विचाराची लाज वाटत नाही. तो मला आत्यानंच दिला होता.

आई गेल्यावर मार्था आत्यानं मला वाढवलं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. तिच्या शेळ्यांमागं फिरता फिरता मी जनावरांची डॉक्टर झाले. गावात कुणाची शेळी अडली की आत्याला बोलावणं यायचं. आडवं आलेलं करडू ती अलगद फिरवायची. पण व्याल्यावर जार लोंबत राहिला, की ती त्याला सुतळीनं जुनी चप्पल बांधायची. वजनानं तो खाली येतो, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं.

मी शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले तर कमलच्या अंगणात बाया जमलेल्या. सकाळी व्यालेली शेळी संध्याकाळ होत आली तरी कण्हत होती आणि मागं चप्पल लोंबत होती. मी त्या चपलेकडं पाहत उभी राहिले. आत्यानं माझ्याकडं पाहिलं.

“तोंड का पाडलंस गं? बोल की.”

“काही नाही, आत्या.”

“न्हाई कसं? एवढं शिकायला धाडलं ते माझ्याम्होरं मुकं बसायला व्हय?”

मग मी बोलले. वजनानं जार तुटतो, अर्धा आत राहून सडतो, कधी गर्भाची पिशवीच बाहेर येते… शेळी वाचली तरी पुन्हा गाभण राहील याची खात्री नसते. “घ्या आत्या, पोरगीच मास्तरीण झाली!” कुणीतरी म्हणालं. आत्या हसली नाही. तिनं विळा मागितला, सुतळी कापली. “आता काय करायचं ते सांग.” मी सांगितल्यावर भांडगावहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. त्यांनी ताप पाहिला, इंजेक्शनं दिली, लोंबणारा भाग तेवढा आखूड केला. ओढलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जार आपोआप पडला.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता आत्याचा हात थांबला. “म्हंजी आपली पांढरी शेळी… माझ्याच हातानं गेली?”

“तुला माहीत नव्हतं, आत्या.”

“व्हय. पर आता म्हाईत हाय.”

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर गेली. “जाराला काय बांधू नका, वढू नका. मी बांधत हुते, ते चुकत हुतं.” ज्या दारांत तिला मान होता, त्याच दारांत उभं राहून तिनं हे सांगितलं. आज माझं निदान चुकतं तेव्हा शेळीवाल्यासमोर “माझं चुकलं” म्हणायला जीभ अडत नाही. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं शेळी व्याली की आत्या गोठ्याच्या दारावर खडूनं वेळ लिहायची आणि जार पडला की खाली दुसरी. बारा तासांत दुसरी ओळ आली नाही की मला फोन. “डॉक्टरीणबाई, तुमचं बारा तास भरलं बरं का!” स्वतःच हसायची.

त्या दिवशी आत्याचं तोंड पाहिलं आणि मी गोठ्यात गेले. चंद्री करडांना चाटत होती. तिच्या मागं काही लोंबत नव्हतं. दारावर वाकड्या अक्षरांत ‘आठ दहा’. खालची जागा रिकामी.

“अकराच्या सुमाराला पडला, ताई,” मागून कमल म्हणाली. “अख्खा पडला. आमी कुणी हात लावला न्हाई.”

खडूचा तुकडा चौकटीवरच होता. मी आत्याच्या ओळीखाली लिहिलं… ‘अकरा’.