सुमनमावशींची वळचण

आमच्या बाजारात आता जुन्या जहाजी कंटेनरची दुकानं झाली आहेत. परवा दुपारी मी त्यातल्याच एका दुकानात सुमनमावशींकडून शेवंती घेत होते. तेवढ्यात वावटळ उठली. दारावरची ताडपत्री फडफडू लागली. समोर उघड्यावर बसणारे भाजीवाले काका टोपल्यांवर आडवे झाले.

"काका, माल घेऊन आत या!" मावशी ओरडल्या आणि स्वतःच टोपली उचलायला धावल्या.

त्या लोखंडी खोलीत आम्ही तिघं दाटीवाटीनं उभे राहिलो. बाहेर धूळ, आत शेवंतीचा आणि कोथिंबिरीचा वास.

"जन्मभर वारा सुटला की मी दुसऱ्याच्या वळचणीला पळायचे," मावशी खुशीत म्हणाल्या. "आज माझ्याकडे माणसं आली!"

आसरा मिळण्यापेक्षा देण्याचं सुख मोठं असावं. वारा केव्हाच पडला होता, तरी मावशी म्हणत होत्या, "थांबा हो, जाल सावकाश."