सुपातला हात

आमोण्याची रजनीबाय नसती तर आज मी कुठे असते, देव जाणे. म्हणून आधी तिचं नाव. नातं ना गोतं... खाणावळीत ती भांडी घासायची, मी तांदूळ निवडून भात रांधायची, एवढीच ओळख.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या चंदगडकडे अंगात येणाऱ्या बायका लहानपणापासून बघितल्या, पण मनातल्या मनात हसायचेच. सातवीत शाळा सुटली तरी एवढी अक्कल होती. मी सांगते आहे, माझी भाची लिहून घेते आहे. एक शब्द वाढवलेला नाही.

गोवा वेगळं राज्य झालं, त्याच्या आसपासची गोष्ट. डिचोलीहून आमोण्याच्या धक्क्याकडे खनिजाचे ट्रक जायचे, त्या रस्त्याला आमची खाणावळ. पुढे बाकडी, मागे पडवी, वर माळा — तिथे मी झोपायची. मालकांना सगळे पात्रांव म्हणत. ड्रायव्हर लोक जेवताना कोकणी की मराठी यावर भांडायचे, आणि भांडण मिटलं की दोन्ही बाजू मिळून मला 'घाटी' म्हणायच्या.

वय अजून चाळिशीच्या आत, आणि डोळे बिघडायला लागले. आधी दाराची चौकट वाकडी दिसू लागली. मग माणसांच्या तोंडावर बोटाने पुसल्यासारखा डाग. कडेचं सगळं दिसायचं — कोपऱ्यातलं मांजर, बाकड्याखालची चप्पल — पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाही! सांगणार कुणाला? गावी गेले तेव्हा भावजयीने ऐकवलंच होतं, "मांजर दिसतं आणि माझं तोंड दिसत नाही? बरी सोंगं येतात!" काम गेलं की माळाही जाणार, आणि परत त्याच दारात... तेही आंधळी होऊन.

उकडा तांदूळ लालसर, खडाही लालसर. एक दिवस एका ड्रायव्हरच्या दाताखाली कचकन आलं. "पात्रांव, भात वाढलाय की खनिज?" सगळे हसले. पात्रांव हसले नाहीत. मला पडवीत बोलावून म्हणाले, "आणखी एक खडा, की तू तुझ्या गावाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूप पुढ्यात घेऊन मी नुसती रडत बसले. मग तोंड धुवायला विहिरीवर गेले. परत आले तर सुपाच्या कडेला खड्यांची छोटी ढिगली, आणि तांदूळ... तसाच रांधला, दिवसभर कुणाच्या दाताखाली एक खडा नाही.

मग रोजच तसं. मला वाटलं रजनीबायचंच काम. तिचे पाय धरायला गेले तर ती मागे सरली. "हांव न्हय गो! माझी भांडी कोण घासणार?" तेव्हा, भावजयीनंतर पहिल्यांदाच, डोळ्यांचं कुणाला तरी सांगितलं. तिने नाटक म्हटलं नाही. फक्त म्हणाली, "चल, दोघी बसून बघू."

भर उजेडात बसलो, सूप मध्ये. मी मान वळवून विहिरीकडे बघत होते, आणि डोळ्याच्या कडेला एक हात दिसला. पालथा. बोटं भराभर चाललेली. मी झटकन सरळ बघितलं — नाही! पण तेव्हा माझ्यासाठी सरळ बघितलं की सगळंच नाहीसं व्हायचं. त्या हाताचं काय घेऊन बसता?

रजनीबायला हात दिसला नाही. तिला खडे सरकताना दिसले. तिने माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी पिचली.

दारात पात्रांव उभे होते. त्यांनीही बघितलं.

दुपारपर्यंत ही गोष्ट धक्क्यापर्यंत पोचली. ताटं मांडलेली, भात वाफाळतोय, आणि एकही ड्रायव्हर बसेना. "त्या घाटणीबरोबर कोणतरी आसा." रजनीबाय हात पुसत पुढे आली, बाकड्यावर बसली. "माका वाड गो. भूत फुकटात निवडून देतं तर ठेवा की त्याला कामावर, बाबानू!" एकटीने पोटभर जेवली. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी पात्रांवांनी माझी पेटी माळ्यावरून खाली आणवली. रजनीबायने डोळ्यांचं सांगितलं, तर म्हणाले, "तें पयलीं सांगितलं असतं तर भांड्यांना ठेवली असती. हें नको."

म्हणजे दिसत नव्हतं म्हणून नाही, खडे राहिले म्हणून नाही... तांदूळ स्वच्छ निघाला म्हणून माझं काम गेलं!

रजनीबायने मला तिच्या घरी नेलं. म्हापशाच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय, उपाय नाही, पण कडेची नजर राहील, असं ते म्हणाले. तो हात तुमच्या डोळ्यांचा भास, असंही म्हणाले. मग रजनीबायला खडे सरकताना दिसले ते कुणाच्या डोळ्यांनी?

तिच्या घरी मी मुद्दाम सूप घेऊन बसायची. कितीदा. खडे जिथल्या तिथे. गरज होती तेव्हा न बोलावता आला, काम घालवलं आणि गेला. ती मदत होती की खोड होती, मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगा. मी मात्र त्याला माफ केलेलं नाही.

आता मी पुण्याला भाचीकडे असते. रजनीबाय, तुझे गुडघे गेलेत, विहिरीवर जाववत नाही असं कळलं. पाणी शेंदायला डोळे लागत नाहीत गो. कधी ते आज सांगता येत नाही, पण मी येईन, आणि तुझी घागर मी भरीन.