तिसरी घागर

नाना गेल्याचा फोन शाळेत आला. मी नववीला बाष्पीभवन शिकवत होते. शिपाई दारात टोपी काढून उभा राहिला, तेव्हाच मी हातातला खडू खाली ठेवला. जळगावहून पारोळ्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या डोक्यात रडण्याआधी एकच गोष्ट आली... आखाजी महिन्यावर आली आहे, आता घागरी कोण भरणार? एवढं मोठं माणूस गेलं आणि हिला घागरींचं पडलंय, असं कुणी म्हणेलही. म्हणू दे. त्या घरात घागर ही साधी गोष्ट राहिली नव्हती.

नाना माझे काका. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं ते नाना आणि काकूंनी, म्हणजे अक्कांनी. त्यांचा मुलगा प्रभाकर, आमचा परबा, माझ्याहून लहान. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमरसाने हात बरबटतात. पण त्याच दिवशी सकाळी घरातला कर्ता पुरुष गेलेल्यांच्या नावाने मातीची घागर भरतो. तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतो आणि एकेकाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो. एकीकडे झोके आणि एकीकडे मेलेल्यांची नावं. लहानपणी आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

इतरांच्या घरी पितरांची एक घागर असे, आमच्याकडे तीन. पहिली आमच्या आजा-पणजांची. उरलेल्या दोन घागरी तिघा ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या.

नाना मिसरूड फुटायच्या आधी फौजेत गेले होते. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून न्यू गिनीच्या जंगलात नेले गेले. तिथे काय खाल्लं, किती माणसं डोळ्यांदेखत गेली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गोष्ट सुरू व्हायची ती त्यांना सोडवायला ऑस्ट्रेलियन तुकडी येते तिथून. नानांना उभंही राहता येत नव्हतं. तिघा पोरांनी त्यांना आळीपाळीने पाठीवर घेतलं. त्यांच्यातला जॅक घरी मेंढ्यांची लोकर भादरायचा. नानांची छातीपर्यंत आलेली दाढी त्यानेच काढली, मेंढीसारखं गुडघ्यात दाबून. आर्थरच्या बापाची पावाची भट्टी होती. घरी गेल्यावर सूर्य वर आल्याशिवाय उठणार नाही, हे तो रोज एकदा तरी म्हणायचा. आणि टॉम... उंच, तोंडभर वांगासारखे ठिपके, जळवांना भ्यायचा आणि भीती लपवायला नाकात गाणं म्हणायचा. घरी आई एकटी. जॅक आणि आर्थर लागोपाठच्या दोन दिवसांत गोळी लागून गेले. त्यांना पुरताना नाना जवळ होते, म्हणून दुसरी घागर त्या दोघांची.

तिसरी टॉमची. नाना तापाने फणफणले होते, पाणी मागत होते. टॉम त्यांची बाटली घेऊन ओढ्याकडे उतरला. थोड्या वेळाने तिकडून गोळ्यांचे आवाज आले. त्याच संध्याकाळी नानांना तिथून हलवलं. टॉमचं काय झालं, हे त्यांना कधीच कळलं नाही.

अक्कांचा आक्षेप होता तो एवढ्यावरच. दरवर्षी सांजोऱ्या तळता तळता त्या म्हणायच्या, "जित्ता मानूसना नावनी घागर भरतस का कोनी? तो तठे नातवंडे खेळाडत बठेल व्हई, आनि तुम्ही त्याले आठे पितर करी ठेवा."

नाना कुंकवाचं बोट ओढत शांतपणे म्हणायचे, "जित्ता ऱ्हाता ते पानी लिसन उना ऱ्हाता."

पाणी घेऊन आला नाही तो जिवंत नाही, एवढाच नानांचा हिशेब. अक्कांना मात्र भीती होती. जिवंत माणसाची घागर भरली तर तो मृत्यू वाया जात नाही, घरातल्या कुणाला तरी शोधत येतो, असं त्या माझ्या कानात सांगायच्या. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झालेले, हसण्यावारी न्यायचे. परबा तर सरळ चिडवायचा, "अक्का, टॉमबाबा उना ते त्याले डब्बल आमरस वाढजो." पुढे तोही फौजेत गेला. नानांनी नको म्हटलं नाही, हो सुद्धा म्हटलं नाही. त्याची ट्रंक मात्र स्वतः भरली आणि पाण्याची बाटली तीनदा तपासून आत ठेवली.

परबाची तुकडी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेली त्या वर्षीची आखाजी मला नको नको म्हणताना आठवते. त्याची पत्रं येईनाशी झाली होती. ऊन असं की झोक्याच्या दोराला हात लावता येत नव्हता. अक्का सकाळपासून नानांच्या मागे मागे फिरत होत्या. आदल्या दिवशीच त्यांनी हात जोडले होते, "एवढं साल ऱ्हाऊ द्या. परबा सुखरूप येऊ द्या, मंग त्यान्या दोन भरा." नाना म्हणाले, "तो मनासाठे पानी लेवाले गया व्हता." आणि त्यांनी तिसरी घागर भरली. उंबरठ्यावर टॉमच्या नावाचं बोट ओढलं. आम्ही जेवायला बसलो. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच दाराशी बसलेलं मांजर दचकून उठलं. तिसरी घागर बुडाशी चिरली होती. पाणी उंबरठ्यावरून वाहत होतं आणि सगळ्यांची कुंकवाची बोटं एकात एक मिसळून पायरीवरून खाली, अंगणात चालली होती.

भाजणीत कच्ची राहिलेली घागर चिरते. एवढं विज्ञान मला येतं. तरी मी जागची हलले नाही. अक्कांनी पदराने उंबरठा पुसला. नाना पानावरून उठले, ते परत बसले नाहीत.

नंतर तार आली. परबा मेला असं तीत नव्हतं. तो तुकडीबरोबर बाहेर पडला होता, परतला नव्हता. शोध चालू होता. त्यानंतर फौजेतले साहेब लोक येऊन गेले, नाना चौकशीला पुण्यापर्यंत जाऊन आले. निरोप तोच राहिला.

पुढच्या आखाजीला मी मुद्दाम दोन दिवस आधी गेले. नानांनी कुंभाराकडून नेहमीसारख्या तीन घागरी आणल्या. दोन भरल्या. तिसरी दोन्ही हातांत धरून ते ओट्यावर नुसते बसून राहिले. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट फार मऊ झाला.

"भरा ना," त्या म्हणाल्या. "जो उना नही तो मरना, आसंच ना तुमनं? परबा बी पानी लेवालेच गयेल व्हई."

मी आयुष्यात इतकं भयंकर वाक्य ऐकलेलं नाही. नानांनी ती घागर कोपऱ्यात पालथी घातली. टॉम मेला म्हणावं तर परबाही मेला, आणि परबा येईल म्हणावं तर टॉमही अजून वाटेवर आहे. इतकी वर्षं जे वाक्य त्यांना पुरलं होतं, त्याच वाक्याने त्यांना घेरलं. तेव्हापासून दर आखाजीला तीन घागरी यायच्या आणि तिसरी पालथी राहायची. परबासाठी बघून ठेवलेल्या मुलीचं लग्न झालं, तिला मुलं झाली. नाना रोज दुपार कलली की पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. तांब्याला स्वतः तोंड लावायचे नाहीत.

माझी शेवटची भेट माघात झाली. नाना खाटेला खिळले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, चूक व्हयनी. टॉमनी माय वाट देखत व्हई. मी आठे बठीसन त्याले दरसाल मारा." तुम्ही कुणाला मारलं नाही, असं काहीतरी समजुतीचं मी बोलले. त्यांनी मान फिरवली. मला फार राग आला, कुणाचा ते अजून कळत नाही.

आणि आता ही आखाजी. नानांच्या जाण्यानंतरची पहिली, म्हणून भाऊबंद जमले. नानांचे चुलतभाऊ आबा घागर भरायला पुढे झाले आणि हलकेच म्हणाले, "वहिनी, आते परबानी बी भरी टाकूत. पोऱ्याले मोकळं करा." अक्का उठल्या. त्यांनी आबांच्या हातातून कुंकवाची वाटी काढून माझ्या हातात दिली. "हाई भरी," एवढंच म्हणाल्या. घरातल्या लेकीने पितरांची घागर भरायची नसते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी आबा बाजूला सरकले.

मी दोन घागरी भरल्या आणि आजा-पणजांची बोटं ओढली. मग जॅक, मग आर्थर. त्यांच्याविषयी नाना जे सांगायचे तेही मोठ्याने सांगितलं, लोकर आणि भट्टीसकट. मग नानांचं बोट ओढलं. नानांच्या शेजारी अक्कांनी मला दोन नावांपुरती जागा सोडायला लावली. तिथे कुंकू लावू दिलं नाही.

मग कोपऱ्यातली पालथी घागर त्यांनी स्वतः उचलली, धुतली, काठोकाठ भरली. पितरांच्या ओळीत ठेवली नाही. उंबरठ्याबाहेर, पायरीवर, रस्त्याच्या बाजूला ठेवली आणि तिच्यावर नानांचा तांब्या पालथा घातला.

"अक्का, ही कोना नावनी?" मी विचारलं.

"ज्यानी त्यानी," त्या म्हणाल्या. "जित्ता व्हई तरी पिई, मरेल व्हई तरी पिई. तहान ते समदासलेच लागस."

मी जळगावला परतले त्याला आता दोन-तीन आठवडे होतील. घागर अजून पायरीवरच आहे, असं शेजारीण फोनवर सांगत होती. अक्का रोज सकाळी ती पुन्हा भरतात. मातीची घागर पाझरते, उन्हात पाणी कमी होतं, हे मी मुलांना शिकवते आणि ते खरंच आहे. पण अक्का रोज भरण्याआधी घागरीत हात घालून पाणी किती उतरलं ते बघतात. आणि मीही रोज फोनवर तेच विचारते.